कागदाची मागची बाजू

राजपालने कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"बाई, इथं तुमचं लिहेल नाई," तो म्हणाला.

संगीताला हे ठाऊक होतं. म्हणूनच तिने कागद सरळ बाजूने पुढे केला होता आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं होतं. पण राजपाल रिसोडच्या मार्केट यार्डात बावीस वर्षं मापारी. पोतं चारी बाजूंनी पाहिल्याशिवाय त्याने कधी काट्यावर चढवलं नव्हतं, तो संमतीपत्र बरा सोडेल.

संगीता कॉलेजात परिचर होती. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागली. घंटा देणं, पाणी भरणं, साहेबांच्या टेबलावरची धूळ पुसणं ही कामं तर होतीच, पण मुलींचा बास्केटबॉलचा संघ बाहेरगावी निघाला की सोबत जाणं हेही तिच्याच गळ्यात पडलं होतं. मुलींबरोबर बाईमाणूस हवं असा नियम. प्राध्यापिकांपैकी एकीला बस लागायची, दुसरीचं लेकरू लहान होतं, आणि शिपायाला कोण विचारतो की बाई तुला बस लागते का?

सतरा वर्षांपूर्वी, पहिल्याच खेपेला, एका मुलीचा बाप अडून बसला. सही मी करतो, म्हणाला, पण तुमीबी लिहून द्या. कागदावर जागा नव्हती, म्हणून संगीताने मागे लिहिलं, 'मी सोबत आहे. अंधार पडायच्या आत घरी आणून सोडीन. संगीता.' तेव्हापासून ती रीतच पडली. विद्यापीठात तो कागद कोणी उलटून पाहत नसे आणि गावात सरळ बाजू कोणी वाचत नसे.

सतरा वर्षांत तिचा शब्द एकदाही खाली पडला नाही. एका वर्षी अकोल्याला मुली उपांत्य सामना जिंकल्या. अंतिम सामना दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. संगीताने दुपारच्या गाडीने सगळ्यांना परत आणलं, घरोघर पोचवलं आणि पहाटे साडेचारला पुन्हा गोळा करून नेलं. मुली मैदानावर उभ्या उभ्या पेंगत होत्या. हरल्या. खेळ शिकवणारे ऋषिकेश सर तासिकेवरचे, बिचारे फार बोलत नसत. त्या दिवशी मात्र म्हणाले, "मावशी, तुमच्या अंधारापायी आपली ट्रॉफी गेली." संगीताला राग आला होता. आपण आहोत म्हणून पोरी मैदानापर्यंत तरी पोचतात, हे याला कोण सांगणार!

यंदाचा हंगामही काही धड नव्हता. सातच मुली. सराव सुरू झाला आणि सोयाबीन सोंगणीला आलं. चार मुली शेतात, तीन मैदानावर. धम्मदीपा, राजपालची धाकटी, दुपारपर्यंत सोंगणी करायची आणि तीनच्या ठोक्याला शेंगांनी ओरबाडलेले हात घेऊन हजर व्हायची. वाशिमला दोन सामने जिंकले. तिसऱ्यात दोन मुली फाऊल होऊन बाहेर बसल्या, आणखी एकीचा पाय मुरगळला, आणि शेवटची सहा मिनिटं चौघीच खेळल्या. तीन गुणांनी हरल्या. पण त्या सहा मिनिटांत धम्मदीपाने जे केलं ते निवड करणाऱ्यांनी पाहिलं आणि तिचं नाव विद्यापीठाच्या संघात आलं. कॉलेजच्या इतिहासात पहिलंच. दहा दिवस अमरावतीला शिबीर, मग सहा दिवस उदयपूरला स्पर्धा.

"विद्यापीठाच्या म्याडम असतात भाऊ संगं," संगीताने राजपालला सांगितलं. "तिथं माझं काम नसते."

राजपालने कागदाची घडी घातली. "त्या म्याडमले मी ओळखत नाई. मले पोरीवर भरोसा हाय बाई. लोकायवर नाई. उद्या कोणी इचारलं, पोरगी सोळा दिवस कुठी हाय, कोणासंगं हाय, तं मले सांगाले काईतरी पायजे. तुमचं नाव सांगतलं का लोकायचं तोंड बंद होते."

धम्मदीपा दारात उभी होती. नुसती तळहातावरची खपली काढत राहिली. तिची थोरली बहीण नीलिमा बारावीला चौऱ्याऐंशी टक्के मिळवून अशीच दारात उभी राहिली होती. आता ती धनजला असते, दोन लेकरं आहेत. संगीताने उंबऱ्यावर बसून बूट चढवले. साडीखाली खेळाडूचे बूट, हे तिचं ध्यान सगळ्या रिसोडला माहीत होतं. कधीच्या एका संघाने वर्गणी काढून दिलेले ते बूट पांढऱ्याचे राखाडी झाले होते. एकाची नाडी तुटली तेव्हा दुकानात पिवळीच मिळाली.

रस्त्याने तिला स्वतःचाच संताप आला. इतकी वर्षं वाटत होतं, आपण पोरींसाठी दार उघडतो. आणि आता कळत होतं की दाराची कडीच आपण आहोत. आपण जिथवर जाऊ तिथवरच या पोरींनी जायचं. आणि आपण तरी कुठवर जाणार? प्राचार्यांना विचारलं तर ते समजुतीने हसले. विद्यापीठाच्या संघाबरोबर कॉलेजचा शिपाई पाठवायची तरतूद नाही, म्हणाले. घरी सासू, नानीबाई. तीन वर्षांपूर्वी खुबा मोडला तेव्हापासून खाटेवर. तिला कुशीवर वळवायलाही संगीताच लागे. उदयपूर राहू द्या, या तीन वर्षांत संगीता शेजारच्या गल्लीतही रात्रीची राहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा राजपालकडे गेली. कागद मागितला, उलटा केला आणि लिहिलं, 'मी सोबत आहे. संगीता.' अंधाराचं वाक्य तिने गाळलं. रजा टाकून मीच जाते, असं त्याला सांगितलं. राजपालने दोनदा वाचलं आणि सही केली.

निघायच्या दिवशी तो स्टँडवर आला. संगीताने त्याच्यादेखत पिशवी वर टाकली, त्याच्यादेखत अमरावतीची दोन तिकिटं काढली. गाडी हलली तेव्हा खिडकीतून हातही हलवला. शिरपूर आलं तशी ती उतरली. धम्मदीपा म्हणाली, "मावशी, बाबाले कळलं तं?" संगीता म्हणाली, "तू चेंडूकडं पाह्य." दिवसभर ती जैन मंदिराबाहेर यात्रेकरूंच्या घोळक्यात बसून राहिली आणि दिवस कलल्यावर तोंडाला पोरींसारखा स्कार्फ गुंडाळून जीपने परत आली. मागच्या दाराने घरात शिरली. तिथून तिचे सोळा दिवस सुरू झाले.

सोळा दिवसांची रजा टाकली होती. शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं की सासूपाशी नणंद, रंगूबाई, येऊन राहणार आहे. त्यामुळे भांड्यांचा आवाज चालत होता, पण माणूस दिसून चालत नव्हतं. खिडक्या बंद. कपडे घरातच दोरीवर. नळ पहाटे पाचला येई, तेवढ्यापुरती ती डोक्यावरून चादर घेऊन बाहेर जाई. बाकी दिवसभर दहा बाय बाराची खोली आणि नानीबाई. पहिले दोन दिवस झोपून बरे गेले. मग भिंती अंगावर यायला लागल्या. चोरी न करता कोंडून घेतलेलं माणूस मी एकटीच असेन, असं तिला वाटे. हसू येई आणि मग रडूही येई.

नानीबाईला मात्र हुरूप चढला होता. दारावर कोणी आलं की ती खाटेवरूनच ठणकावून सांगे, संगी पोरीसंगं गेली, रंगू आंघोळीले बसली. पाचव्या दिवशी म्हणाली, "संगे, साऱ्या जल्मात इतकं खोटं बोलली नाई मी. मजा येऊन राह्यली."

रोज सहाला राजपालचा फोन येई. पोरीचं कसं चाललंय ते पोरीकडून कळतच होतं. याला फक्त एवढंच विचारायचं असे, "बाई, तिकडं थंडी कशी हाय?" संगीता सांगे, हाय भाऊ, सकाळची जास्त हाय. मागे यार्डातल्या माणसांचा गलका ऐकू येई, आणि तिला कळे की हा चारचौघांत मुद्दाम मोठ्याने विचारतो आहे.

अकराव्या दिवशी संघ उदयपूरला पोचला. दुसऱ्या दिवशी पहिला सामना. त्याच पहाटे संगीता नळावरून आली, कळशी आत नेली आणि सतरा वर्षांच्या सवयीने बूट पुढच्या उंबऱ्याबाहेर काढून ठेवले.

नऊच्या सुमारास दार वाजलं. राजपालचा आवाज. संगीता स्वयंपाकाच्या पडद्यामागे सरकली, तोवर त्याने नुसतं लोटलेलं दार उघडलं. नानीबाईने सवयीने सुरू केलं, "संगी तं तिकडं हाय बापा, तुह्या पोरीसंगं."

राजपाल उंबऱ्याबाहेरच थांबला. पडद्याच्या फटीतून संगीताला तो दिसत होता. हातात तुरीच्या शेंगांची पिशवी, आणि मान खाली. आधी तिला कळेना हा काय बघतोय. मग पिवळी नाडी आठवली. आता हा खिशातून फोन काढणार. म्याडमला सांगून पोरीला परत बोलावणार. आणि दुपारपर्यंत गावात होईल की संगीताबाईचं लिहिलेलंही खोटं निघतं. पुढच्या वर्षी कुठला बाप सही करेल? बाहेर जावं, त्याचे पाय धरावे, असं तिला वाटलं. तिने पडद्याला हात घातला.

तेवढ्यात गल्लीतून सायकलची घंटा वाजली. किसनसिंग, यार्डातलाच अडत्याचा माणूस.

"काय राजपाल," तो सायकल न थांबवताच म्हणाला, "पोरगी राजस्थानात गेली म्हणते. कोणासंगं धाडली?"

राजपाल एक पाऊल बाजूला सरकला. बूट त्याच्या पायांमागे गेले.

"संगीताबाई हायेत संगं," तो म्हणाला.

सायकल पुढे गेली. ती गल्लीच्या टोकाशी पोचेपर्यंत राजपाल बघत राहिला. मग खाली वाकला. पोत्याखेरीज कशापुढे वाकलेला संगीताने त्याला कधी पाहिला नव्हता. दोन्ही बूट त्याने हातात घेतले, उंबऱ्याच्या आत, भिंतीशी जोडीने ठेवले आणि शेजारी शेंगांची पिशवी. पडद्याकडे त्याने पाहिलंच नाही.

"येतो नानीबाई," म्हणाला आणि दार ओढून घेतलं.

संगीता पडद्याबाहेर आली. मग शेंगा सोलायला घेतल्या. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण अजून पाच दिवस होते. त्याला कळलं म्हणून तिला बाहेर पडता येणार नव्हतं. उलट आता दोघांच्या शब्दासाठी आत राहायचं होतं.

संध्याकाळी सहाला फोन वाजला. घ्यावा की नाही, असं झालं. नानीबाई म्हणाली, "घे वं." तिने घेतला. मागे यार्डातला गलका होता, रोजच्यासारखाच.

"बाई," राजपालने मोठ्याने विचारलं, "तिकडं थंडी कशी हाय?"

बंद खिडकीपाशी, दोरीवरच्या ओल्या लुगड्याखाली संगीता उभी होती.

"हाय भाऊ," ती म्हणाली. "सकाळची जास्त हाय."