छतातले फुत्कार

शेवटचा खिळा निघाला तशी सुताराने छताची फळी सरकवली, आत टॉर्च मारला आणि घाईघाईने शिडीवरून खाली उतरला.

“आहे का साप?” लेकीने विचारलं.

“साप कसला, ताई! तोंडं आहेत. पांढरी. तीन-तीन!”

बाबा खाली शिडी धरून उभे होते. रात्री छतात काहीतरी फुत्कारतंय, असं ते कितीतरी दिवस सांगत होते. सर्पमित्र भरदुपारी येऊन घर पालथं घालून गेला. काही सापडलं नाही. लेक दिवसा येऊन गेली तेव्हाही सगळं चिडीचूप. मग ती फोनवर प्रत्येक वाक्याला ‘हो बाबा’ म्हणू लागली. आयुष्यभर नुसत्या आवाजावरून बसच्या इंजिनाचं दुखणं ओळखणारे बाबा स्वतःच्याच कानांवर संशय घेऊ लागले. शेवटी त्यांनी विषयच सोडला. आज लेकीने सुतार आणला होता तो केवळ त्यांच्या समाधानासाठी.

लेक शिडी चढली. तीन पिल्लं एकमेकांना खेटून बसली होती. एक थोराड, एक मधलं, एक नुसता कापसाचा गोळा. भोवती ओकून टाकलेल्या, उंदरांच्या हाडांनी भरलेल्या काळ्या गोळ्या. तिने टॉर्च हलवला. डोळे जागचे हलले नाहीत. तिन्ही माना मात्र एकदम वळल्या. मग चोची उघडल्या आणि घसा खरवडून काढल्यासारखा लांबलचक फुत्कार आला.

तोंड पुसून खाली आली.

“हाच आवाज, बाबा?”

“हाच.”

“गव्हाणी घुबडाची पिल्लं आहेत.”

“मी साप म्हणत होतो. म्हणजे माझं चुकलंच.”

“चुकू द्या हो! आवाज तर खरा होता ना!” ती हसली.

“फळी ठोकू?” सुताराने विचारलं.

“हलक्या हाताने. आणि कौलांखालची फट बुजवू नका,” बाबा म्हणाले.

संध्याकाळी दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसली. अंधारून आलं आणि त्यांच्या डोक्यावरून काहीतरी पांढरं, रुंद तरंगत गेलं. नख्यांत उंदीर लोंबत होता. घुबडाची मादी फटीत शिरली; आत एकच फुत्कार उसळला.

बाबांनी दचकून लेकीकडे पाहिलं.

“एवढे मोठे पंख... मला काहीच ऐकू आलं नाही गं.”

“मलाही नाही, बाबा.”

“खरंच?”

“त्यांचे पंख वाजतच नाहीत.”

बाबांनी खुर्चीला पाठ टेकली आणि पाय लांब केले.