कारध्याची फाइल

अमरले मी हजारदा सांगितलं होतं, बाबू, सगळ्याइले एकाच काठीनं हाकू नको. ऐकते कोण!

आमची मच्छीमार संस्था शहापूरची. वरच्या धरणाची दारं उघडणार असली का आमचा कॉम्प्युटर नदीवरच्या लोकांले मेसेज धाडते. गावागणिक एक फाइल, सगळ्या मराठीत, युनिकोडच्या. नंबरांची फाइल तेवढी जुन्या मशीनवरची. तिचं एनकोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, वेगळं; त्यात मराठी अक्षरंच नाहीत. म्हणून फाइली उघडतो त्या एडिटरात ज्या फाइलचं जे एनकोडिंग, ते तिले वेगळं सांगा लागते.

अमर पडला सचिवाचा भाचा, दीडशहाणा. सकाळी नंबरांची फाइल वेडीवाकडी दिसली, तर यानं सगळ्याच फाइलींले तिचं एनकोडिंग लावलं अन् सेव्ह केलं. एडिटरनं विचारलंही, काही अक्षरं राहणार नाहीत, चालेल का? यानं 'हो' दाबलं. फाइल उघडी होती तोवर पडद्यावर मराठी तशीच दिसत होती ना!

दुपारी धरणावरून फोन आला, दारं उघडून राहिले. अमरनं मेसेज सोडला. माह्या मोबाइलवरही आला. नुसते प्रश्नचिन्ह, ओळीच्या ओळी.

माहा नवरा चंदन अन् सासरे धनीराम कारधा गावच्या नदीतल्या बेटावर जाळं लावून बसले होते.

"गेला ना मेसेज, ताई," अमर म्हणे.

"काय गेला, डोंबल!" मी कारध्याची फाइल बंद करून पुन्हा उघडली. एनकोडिंग बदलून पाहिलं. प्रश्नचिन्ह ते प्रश्नचिन्हच. अक्षरं मेली होती. मले अमरच्या थोबाडीत द्यावंसं वाटलं, पण हात फोनवर होता.

चंदननं दुसऱ्यांदा उचलला.

"हे काय धाडलं तुम्ही? कोणी म्हणते धरणाचा, कोणी म्हणते रिचार्जवाल्याचा. बेटावर आवाज तुटते, म्हणून तुले विचारायले काठावर आलो."

माह्या जिवात जीव आला. "अन् बाबा?"

"जाळ्यापाशी. आपली रीतच आहे ना, म्हातारा जाळ्यापाशी, पोरगा डोंग्यावर. डोंगा एकच, तो वल्हवत मी इकडं आलो."

"दारं उघडले, दारं! हाका मारा त्याइले!"

तो "बाबा!" म्हणून ओरडला, पुन्हा ओरडला. त्याचा आवाज दूर गेला. फोन चालूच होता, अन् त्यात आता पाणीच ऐकू येत होतं.