क्लबाचा राजदूत

एर्मिनियो तावैराला अटलांटिको फुटबॉल क्लबाने परत बोलावलं, तेव्हा पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या पेनीशमध्ये सगळ्यांना वाटलं, चला, संघाला एकदाचा धड प्रशिक्षक मिळाला. त्यालाही तेच वाटलं होतं. तो उभी कारकीर्द मधल्या फळीत खेळला. आधी इथे, मग ब्रागात, शेवटी तुर्कस्तानात. गोल त्याचे मोजकेच, पण चेंडू कुठे जायला हवा हे त्याला इतरांच्या आधी दिसायचं. गुडघ्याने दगा दिल्यावर त्याने प्रशिक्षकाच्या परीक्षाही दिल्या.

अध्यक्ष नोब्रेगांनी त्याच्यापुढे हिरवा कोट धरला. "घाल. आजपासून तू क्लबाचा राजदूत."

"आणि संघ?"

"संघ इवो बघतोय की. तू फक्त दिसायचंस. लोकांना तुझं तोंड आवडतं."

तो दिसत राहिला. फरशांच्या दुकानाचं उद्घाटन, सार्डिन माशांची जत्रा, कुणाच्या तरी नव्या गाडीशेजारी फोटो. कॉफी प्यायला गेला की कॅफेवाला कुस्तोदियो काउंटरवरूनच ओरडायचा, "काय राजदूत, आज कुठली फीत कापली?"

रविवारी त्याला मानाची खुर्ची मिळे. तिथून खाली बघताना त्याचा जीव नुसता कासावीस व्हायचा. इवोचे बचावपटू चेंडू मिळाला की आभाळात भिरकावत. मधल्या फळीतले तिघं माना वर करून बघत राहत. संघ तळाला गेला, तरी त्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

मार्चमध्ये शेजारच्या गावाशी सामना होता. हरलो तर खालच्या गटात जाणार, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. मध्यंतराला शून्य-शून्य. एर्मिनियो उठला आणि तडक खेळाडूंच्या खोलीत शिरला. इवो बाहेर फोनवर होता.

"चेंडू जमिनीवर ठेवा रे!" तो म्हणाला. "मधल्याला द्या. तो वळेपर्यंत पुढच्यांनी धावायचं नाही. कळलं?"

एकदोघांनी माना हलवल्या. तेवढ्यात इवो आत आला. त्याने एर्मिनियोकडे बघितलंही नाही. "पहिल्या अर्ध्यासारखंच खेळा," एवढंच तो म्हणाला.

मग व्हायचं तेच झालं. निम्म्यांनी याचं ऐकलं, निम्म्यांनी त्याचं. मधला खेळाडू चेंडू धरून थांबला, पुढचे केव्हाच पळालेले. चेंडू हिसकावला गेला, गोल झाला. पाच मिनिटांत पुन्हा तसाच दुसरा. सामना गेला आणि गटही गेला.

"तुझं काम दिसायचं होतं, बोलायचं नव्हतं," नोब्रेगा सगळ्यांदेखत म्हणाले.

घरी बायकोने, ग्रासिएतने, सूप पुढे ठेवलं. त्याने चमचा उचललाच नाही.

"मी सांगितलं ते बरोबर होतं," तो म्हणाला.

"असेल. पण तू खेळत असताना कुणी असा मध्यंतराला घुसला असता तर?"

"हाकललं असतं त्याला."

"मग?"

याचीच त्याला सगळ्यात जास्त चीड आली. खेळ समजत होता आणि तरी चूक त्याचीच होती.

दुसऱ्या दिवशी त्याने कोट नोब्रेगांच्या टेबलावर ठेवला. "अरे, शनिवारी बेकरीचं उद्घाटन आहे!" ते म्हणाले. तो तसाच बाहेर पडला.

मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यातल्या बायकांच्या संघाला प्रशिक्षक हवा होता. मैदान म्हणजे खडी, आणि वर समुद्राचा भणाणता वारा. पहिल्याच दिवशी एर्मिनियो तासभर घसा फोडून ओरडत होता, "जमिनीवर! जमिनीवर!" बायका मात्र मिळेल तो चेंडू उंच मारत होत्या आणि वारा तो थेट रस्त्यावर नेऊन टाकत होता.

"अहो, दिवसभर उभ्या असतो आम्ही," कप्तान लुर्दिश धापा टाकत म्हणाली. "लांब मारला की पळायला कमी लागतं."

"उलट आहे ते सगळं! उलट!"

"बरं, नका चिडू. उद्या येणार ना, की आधीच्यांसारखे तुम्हीही पळणार?"

"येणार," तो खेकसला आणि चेंडू आणायला लंगडत रस्त्याकडे निघाला.