झोपलेल्याला वारा कशाला

मी खडखड्या बोलतोय. हसू नका, नाव काही मी निवडलेलं नाही. मी एक टेबल फॅन. तीन पाती, तीन बटणं, गंजत चाललेली जाळी आणि मानेमागे एक खुंटी. खुंटी दाबली की मी मान फिरवतो, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. वर ओढली की एकाच माणसाकडे बघत बसतो. मान वरखाली हलवून "हो" म्हणता मला येत नाही. एका पंख्याला त्याचं दुःख कशाला, असं तुम्हाला वाटेल. ऐका तर खरं.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. शेवटचा स्क्रू आवळणाऱ्या बाईने मला चालू करून पाहिलं आणि नाक मुरडलं.

"हा खडखडतोय गं."

"खडखडू दे. सुटायची वेळ झाली, भर खोक्यात," शेजारची म्हणाली.

दुकानात मला कोणी घेईना. येणारा माणूस बटण दाबायचा, आवाज ऐकायचा आणि दुसऱ्या पंख्याकडे वळायचा. एक दिवस एक धिप्पाड गडी आला. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. त्याने नवीनच लाँड्री टाकली होती. माझ्यासमोर उभं राहून त्याने शर्टाची वरची बटणं सोडली, डोळे मिटले आणि "हां, आता जीवात जीव आला" असं म्हणाला.

दुकानदार प्रामाणिक निघाला. "साहेब, हा जरा आवाज करतो बरं का."

"करू दे की. मी पण करतो. माझ्या बायकोला विचारा."

हे बाबा. त्यांची मुलं त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणतो. खडखड्या हे नाव त्यांनीच ठेवलं.

बाबा खोटं बोलत नव्हते. दुपारी लाँड्रीच्या मागच्या बाजूला आडवे झाले की असे घोरायचे, की कपडे द्यायला आलेलं गिऱ्हाईक दारातच थबकायचं. इकडे मी खडखडायचो, तिकडे ते. "आत कसलं मशीन लावलंय हो?" असं कोणी विचारलं की काउंटरवर बसलेली आई तोंडावर हात धरून हसायची. त्यांची थोरली तेव्हा लहान होती, ती माझ्यासमोर उभी राहून "काय रे खडखड्या, आज अभ्यास आहे का?" असं विचारायची आणि माझी मान नाही नाही म्हणाली की टाळ्या पिटायची.

मग खरंच एक मशीन आलं आणि ते हसणं संपलं. ड्राय-क्लीनिंगचं, कपाटाएवढं, घर तारण ठेवून कर्जाने घेतलेलं. हॉटेलांची कामं मिळतील असा बाबांचा अंदाज होता. हॉटेलांनी आपापली मशीनं घेतली, लोकांनीही घरोघरी घेतली. लाँड्रीला टाळं लागलं, मशीन भंगाराच्या भावात गेलं आणि कर्ज तेवढं मागे राहिलं. उरल्यासुरल्या सामानाबरोबर मी घरी आलो. मागच्या खोलीत, बाबांच्या पलंगाशेजारी माझी जागा झाली.

माझ्या मागोमाग घरात काटकसर आली. मी तिला पाहुणी समजत होतो, ती घरमालकीण निघाली. आधी पेपर बंद झाला, मग संध्याकाळचा चहा. साबणाची चिपटी उरली की ती नव्या वडीला चिकटवायची. एका खोलीत माणसं असली तर दुसरीत दिवा लावायचा नाही. थोरली मुलगी, ताई, शिक्षण सोडून एका औषधांच्या दुकानात कामाला लागली. धाकटा बसचे पैसे वाचवायला शाळेत चालत जाई, त्यामुळे त्याचे बूट झिजत, आणि बस स्वस्त की बूट यावर आई-बाबांचं रोज वाजे. दोघं आळीपाळीने लोकांच्या कपड्यांना घरीच इस्त्री करत.

पंख्याचा नियम बाबांनीच केला. "माणूस जागा असेपर्यंत पंखा. झोप लागली की बंद. झोपलेल्याला वारा कशाला? त्याला कुठे कळतंय?"

"आणि घामाने जाग आली तर?" ताईने विचारलं.

"तर उठायचं नि कामाला लागायचं. झाला की नाही दुहेरी फायदा?"

सगळे हसले, नियम मात्र पक्का झाला. दुपारी बाबा आडवे होत. स्वयंपाकघरात इस्त्री करणाऱ्या आईला त्यांचं घोरणं ऐकू आलं, की ती पाय न वाजवता येई, माझं बटण बंद करी, त्यांच्या कपाळावरचा घाम हाताने टिपे आणि परत कामाला लागे.

त्या उन्हाळ्यात बाबांच्या छातीत दुखायचं. आई म्हणायची, "अहो, डॉक्टरांना दाखवू या ना एकदा." बाबा म्हणायचे, "एवढा हप्ता जाऊ दे गं, मग बघू." तो हप्ता गेला की पुढचा दारात उभाच.

एका दुपारी ते येऊन पडले. माझी खुंटी वर ओढलेली होती, मी थेट त्यांच्याकडे बघत होतो. "काय रे खडखड्या," ते नेहमीसारखं म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. चादरीचं टोक त्यांच्या मुठीत होतं. मी घोरण्याची वाट बघत होतो. ते काही आलं नाही. थोड्या वेळाने मूठ सैल झाली, टोक सुटलं आणि माझ्या वाऱ्यावर फडफडायला लागलं. छाती हलेना. मी जीव तोडून खडखडलो हो! पण मी तर रोजच खडखडायचो, माझ्याकडे कोण लक्ष देणार?

बऱ्याच वेळाने आई डोकावली. "लागली वाटतं शांत झोप," ती पुटपुटली. तिने माझं बटण बंद केलं, बाबांच्या कपाळावरचा घाम टिपला आणि गेली.

ती पुन्हा त्यांना उठवायला आली, तेव्हाची तिची किंकाळी माझ्या जाळीत अजून अडकून बसलीय.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. घर माणसांनी भरलं. शेजारची बाई दारात उभी राहून हळहळली, "अगंबाई, एवढ्या उकाड्यात पंखा बंद करून झोपवलं होतं? जीव गुदमरला असेल हो त्यांचा." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. अशा वेळी माणसांना काहीतरी बोलावंच लागतं. पण ते वाक्य आईच्या काळजात शिरलं, ते कायमचं.

त्या खोलीचं दार बंद झालं. एक खोली कमी म्हणजे एक दिवा कमी, असं ती मुलांना म्हणाली. माझ्यावर जुनी उशीची खोळ चढवली गेली. अंधारात मी बाबांच्या रिकाम्या पलंगाशेजारी उभा होतो. आता आपला कारभार आटोपला, असं मला वाटलं.

मग एका दुपारी, ताई दुकानात आणि धाकटा शाळेत असताना, दार उघडलं. आई आत आली. तिने खोळ काढली, पलंगावरची चादर नीट केली, उशी थोपटली आणि मला चालू केलं. मानेमागची खुंटीही दाबली, बाबांना डोक्यापासून पायापर्यंत वारा लागावा म्हणून.

"अहो, झोपा आता निवांत," ती रिकाम्या उशीला म्हणाली. "नाही हो बंद करणार."

अंगावर काटा आला म्हणाल, तर मला अंग कुठलं? पण माझी पाती त्या दिवशी नीट फिरेनात.

मग ती रोज यायची. स्वतः उंबऱ्यावर बसायची, माझा वारा पोचणार नाही अशा जागी. घामाने निथळायची, पण सरकून आत यायची नाही. घरातल्या गोष्टी सांगायची. धाकटा शेवटची परीक्षा पास झाला, ताईचा पगार वाढला, साबण महागला. एकदा म्हणाली, "या वाऱ्याचे पैसे मी घरखर्चातून घेत नाही हं. माझ्यातून काढते." तेव्हा मला कळलं की तिचं रात्रीचं जेवण बंद झालंय. मुलांना ती सांगायची, आधीच जेवले मी.

आणि उठायच्या आधी ती नेहमी एकच विचारायची.

"माफ केलंत का हो मला?"

मी काय करणार? खुंटी तिनेच दाबलेली. माझी मान डावीकडून उजवीकडे जायची, उजवीकडून डावीकडे. नाही. नाही. नाही.

ती माझ्याकडे बघत राहायची. मग खाली मान घालायची. "बरं. बरोबर आहे तुमचं."

अहो बाई, दुसरं काहीतरी विचारा ना! माझ्यामुळे गेलात का, असं विचारा! त्याला तर माझ्याकडे एकच उत्तर आहे, तेही खरं. पण तिने तसं कधी विचारलं नाही. त्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे, अशीच तिची समजूत होती. वर्षानुवर्षं मी तिला रोज दुपारी दोषी ठरवत राहिलो. मारेकरी हा शब्द मोठा आहे, पण रोज ती थोडी वाळताना मी बघत होतो आणि माझीच मान हलत होती.

घरात हळूहळू कुजबुज सुरू झाली. एकदा धाकटा लवकर घरी आला आणि बाहेरूनच त्याला माझी खडखड ऐकू आली, पण तो आत पोचेपर्यंत आई मला बंद करून, दाराला कडी घालून इस्त्रीकडे गेली होती आणि मी नुसता गरम होऊन उभा होतो. त्याने दाराला कान लावला, मग चाचरत ताईला म्हणाला, "तायडे, बाबांच्या खोलीतून मघाशी खडखड येत होती. बाबा झोपायचे ना, तशीच."

"उंदीर असेल," ताई म्हणाली. कडी काढून मात्र तिने बघितलं नाही.

पुढे धाकटाही कमवायला लागला आणि कर्ज फिटलं. घराचे कागद घेऊन तो आला तो ओरडतच, "आई! सुटलो आपण! आता रोज दोनदा चहा!" त्या संध्याकाळी खोलीखोलीत दिवे लागले. दाराखालच्या फटीतून मलाही उजेड दिसला. थोड्या वेळाने आईने फिरून एकेक दिवा बंद केला.

चहा वाढला, पेपर पुन्हा सुरू झाला, नव्या वडीला कुणी चिपटी चिकटवेना. आईची काटकसर मात्र सुटली नाही. तिचं कर्ज वेगळंच होतं आणि त्याला शेवटचा हप्ता नव्हता. मुलांनी छताला नवा पंखा लावला, तर ती स्वयंपाकघरात जाऊन झोपायची.

भर उन्हाळ्यात एका दुपारी ती माझ्यासमोर उंबऱ्यावरच कोसळली. ताई त्या दिवशी अंगात कणकण होती म्हणून दुकानातून लवकर आली होती. तिला खडखड ऐकू आली आणि ती आवाजाच्या मागे आली. दार सताड उघडं, मी रिकाम्या पलंगावर वारा घालतोय आणि आई उंबऱ्यावर पडलेली. ताईने आईला उचलून पलंगावर निजवलं. वजन असं नव्हतंच.

डॉक्टर येऊन गेले. उष्माघात, आणि अंगात रक्त नाही, म्हणाले. पोटात अन्न नाही म्हणून ओरडलेही. आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं ते बाहेर धाकट्याला हळूच सांगत होते. आईला शुद्ध आली तशी ती उठायची धडपड करू लागली.

"उठव मला. ही त्यांची जागा आहे."

"आई, काय चाललंय हे? किती दिवस?"

मग बांध फुटला. आईने सगळं सांगितलं. बटण, शेजारणीचं बोलणं, रोजचा वारा, सगळं. "मी मारलं गं त्यांना. चार पैशांसाठी. विचारते रोज, माफ केलंत का. बघ, हा नाहीच म्हणतो."

ताई पलंगाच्या कडेवर बसून होती. मग तिने विचारलं, "तू आलीस तेव्हा बाबा घोरत होते?"

"नाही गं. अगदी शांत झोपले होते."

"शांत?"

"हो."

"आई," ताई म्हणाली, "बाबा कधी शांत झोपलेत? गिऱ्हाइकं दारातून परत जायची. आणि तू तर घोरणं ऐकूनच बंद करायला यायचीस."

आई छताकडे बघत होती. मी तिचा चेहरा बघत होतो आणि तो चेहरा मला कधी विसरता येणार नाही.

"म्हणजे मी घाम टिपला तेव्हा..."

"तेव्हा ते गेले होते, आई. पंखा चालू असतानाच गेले. वाऱ्यात गेले."

आईने डोळ्यांवर हात घेतला. ताई माझ्याकडे वळली आणि लहानपणी विचारायची तशी म्हणाली, "काय रे खडखड्या, बाबा आईमुळे गेले का?"

माझी मान डावीकडून उजवीकडे गेली. उजवीकडून डावीकडे आली. आईने बोटांच्या फटीतून पाहिलं. आणि मग ती रडली. एवढ्या वर्षांचं साठलेलं रडली. रडता रडता तिचा डोळा लागला.

धाकटा औषधं घेऊन आला. आई झोपलेली बघून जुन्या सवयीने त्याचा हात माझ्या बटणाकडे गेला. ताईने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. चालू राहू दे."

"अगं, झोपलीय ना ती?"

"ऐकू दे मला आधी," ताई म्हणाली आणि आईच्या तोंडाशी कान नेऊन बसली. आई हलकेच घोरत होती.

आता मी म्हातारा झालोय. माझी एक बाजू गरम होते आणि तेल घातल्याशिवाय मान फिरत नाही. आई दुपारी याच पलंगावर झोपते, जेवून. पण कधीकधी झोपेतून दचकून उठते आणि बाजूच्या रिकाम्या जागेवर हात फिरवते, तिथे कुणाचा घाम आहे का बघायला. ते जाणार नाही बहुतेक. मी त्या वेळी जरा हळू खडखडतो.

तुमच्याही घरात कुणीतरी काटकसर करत असेल. करा बाबांनो, कर्ज वाईटच. फक्त झोपलेल्या माणसाचा पंखा बंद करायच्या आधी क्षणभर थांबा, वाका, आणि त्याचा श्वास ऐकू येतोय ना, तेवढं बघा.