बरणीतला पाहुणा

नीलम्माच्या येसुराचं नाव पार उमरग्याच्या पलीकडं पोचलेलं. बाजरी, डाळ, धने भाजून कुटलेला तो मसाला आमटीत चिमूटभर पडला, की शेजारची सून भिंतीवरून विचारणारच, "नीलक्का, आज काय केलंय वो?" अशा बाईच्याच नवऱ्याच्या नशिबी मिळमिळीत खाणं यावं, म्हणजे बघा!

चन्नबसप्पांच्या बोटांचे सांधे सुजायचे. सकाळी पूजेला डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घ्यायचं, तर बोटं सरळ होईनात, हात थरथरायचा. मग नीलम्मा मुकाट्यानं शेजारी बसून त्यांच्या हाताखाली आपला हात धरायची. लिंग हातातून पडलं तर? या एका भीतीनं म्हाताऱ्याचा जीव अर्धा झाला होता.

दिवाळीनंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळ्यांनाच बाधतं असं नाही. पण तुम्ही वांगं, बटाटा, टोमॅटो, ढोबळी आणि मिरची, हिरवी असो की लाल, बंद करून बघा. सगळं एकाच खानदानातलं आहे."

नीलम्मानं त्याच दिवशी घर धुंडाळलं. मिरच्यांची पाटी जावेकडं गेली. टोमॅटोच्या जागी चिंच आली, तिखटाच्या जागी मिरे आणि आलं, बटाट्याच्या जागी रताळं. उपासाची भगरसुद्धा मिऱ्याची. तरी सूज काही हलेना. चन्नबसप्पा वैतागले. "येळवस होऊ दे, मग म्या वांगं खाणार बघ. जिभेला फास कशाला उगं!"

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, सगळे रानात जेवायला गेले. कडब्याची झोपडीवजा कोप, पुढं हिरवागार हरभरा, अंगाला गोड लागणारं ऊन. नीलम्मानं मोठ्या पातेल्यात सगळ्यांची भज्जी, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळभाजी, केली आणि लहान पातेल्यात मालकांची, वांगं-मिरची वगळून. मग कोपीत जरा पाठ टेकली, तर डोळाच लागला.

आणि ते अख्खं खानदान बांधावरून जेवायला आलं की! वांगं सगळ्यांत पुढं, देठाची टोपी सावरत. मागं बटाटा अंगाची माती झटकत, टोमॅटो लाजत, मिरची ठसक्यात. नीलम्मा कोपीच्या दारात आडवी उभी राहिली. "इथं तुमाला जागा न्हाय. वापस जावा." बिचारे गुमान वळले आणि हरभऱ्याच्या हिरव्यात विरघळून गेले. तिला जरा वाईटच वाटलं.

तेवढ्यात मागं चुलीजवळ कुणीतरी खुदकन हसलं. वळून बघते तर येसुराची बरणी, तोंडाला फडकं बांधून, मालकांच्या पातेल्याशेजारी निवांत बसलेली.

"वैनी, मला कुणी हटकतच न्हाय बघा. म्या घरचीच ना!"

नीलम्मानं फडकं सोडलं. आत लालभडक मिरच्या.

"अय्यो शिवा!" ती ताडकन उठली. उन्हाळ्यात येसूर करताना मिरच्यांच्या ठसक्यानं आपणच खोकून बेजार झालो होतो की! पण तिच्या लेखी मिरची म्हणजे मिरची आणि येसूर म्हणजे येसूर. मालकांचं तोंड अगदीच बेचव होऊ नये म्हणून ती रोज घालत होती, मायेनं, चिमूटभर.

बाहेर पंगत बसली होती. चन्नबसप्पा घास उचलणार, तोच तिनं त्यांचं ताट ओढलं.

"अगं, सणासुदीला ताट वढतीस व्हय?"

"खाऊ नका! त्यात येसूर हाय, येसुरात मिरची हाय. माझ्याच हातानं तुमाला बाधत व्हतं वो," असं म्हणून ती सगळ्यांदेखत रडायला लागली. चन्नबसप्पांचा राग कुठल्या कुठं गेला. त्यांनी नुसती खीर खाल्ली. तिनंही दुसरं काही तोंडात घातलं नाही. बरणी जावेकडं गेली.

संक्रांत गेली. हरभऱ्याची काढणी झाली. एका सकाळी नीलम्मा नेहमीसारखी पूजेशेजारी बसली, हात पुढं केला, आणि थबकली. चन्नबसप्पांचा तळहात सरळ उघडा होता. थरथर नव्हती. लिंग त्यावर शांत बसलेलं.

तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. पण आता आपला रिकामा हात कुठं ठेवावा, हे तिला कळेना. तिनं तो हळूच मागं घेतला.

लिंगावरची नजर न हलवता चन्नबसप्पा म्हणाले, "काढू नको. राहू दे खाली."