विजयरावांशिवाय गिटार

राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा सरकारने काशिनाथ देवधरांच्या जोडीचेही वाटप करून टाकले. काशिनाथ सचिवालयाबरोबर नागपूरहून भोपाळला आले. ज्यांच्या भावगीतांना त्यांनी बावीस वर्षे गिटारची साथ केली, ते विजयराव मुंबई राज्याच्या वाट्याला जाऊन नागपुरातच राहिले. गिटार कपाटावर चढली.

खरे तर ऐन तारुण्यात काशिनाथ एकटेच वाजवत, आणि झकास वाजवत. पण आता पन्नाशी उलटली होती. गाण्याविना नुसती गिटार कोण ऐकणार, या धास्तीने ते तिला हातही लावेनात. शेवटी त्यांच्या पत्नीने, सुमित्राबाईंनी, त्यांना न विचारताच क्वार्टरांच्या गणेशोत्सवात त्यांचे नाव देऊन टाकले. काशिनाथ दोन दिवस फुरंगटून बसले आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप नव्या तारा घेऊन आले.

आरती आटोपली आणि झाडून सगळी मंडळी मांडवात बसली. चिटणीस विश्वास पेंडसे यांनी माइक मधोमध लावला होता. काशिनाथांनी खुर्ची ओढली ती मात्र नेहमीसारखी कडेला. सुरुवातीचे सूर त्यांनी असे सुरेख छेडले की मागची कुजबूज थांबली. मग हात हलका केला, नुसता ठेका धरला आणि मान वळवून माइककडे पाहत राहिले. इथून विजयराव गाणे उचलत.

दुसरे आवर्तनही तसेच कोरडे गेले.

"भाईसाहब, गाना कब शुरू होगा?" शेजारच्या एका गृहस्थांनी पेंडशांना विचारले, आणि पेंडसे बिचारे गायकाला शोधायला मांडवाबाहेर धावले. काशिनाथांना दरदरून घाम फुटला. ज्याची धास्ती होती तेच झाले, आणि तेही आपल्याच हाताने.

बायकांमधून सुमित्राबाई उठून उभ्या राहिल्या.

"अहो, विजयराव नागपूरला राहिले," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता तुम्हीच उचला."

लोक हसले. काशिनाथही हसले, पण त्यांचे डोळे भरून आले. विजयरावांची आठवण त्यांना इतकी कधी आली नव्हती. ते उठले, खुर्ची माइकसमोर आणून ठेवली आणि विजयरावांची ओळ तारांवर घेतली. पहिले कडवे अगदी विजयरावांसारखे झाले. दुसऱ्याला त्यांची बोटे जुन्या दिवसांसारखी मनाला येईल तिकडे धावू लागली.

तेवढ्यात पेंडसे धापा टाकत परतले आणि गायक कुठेच सापडत नाहीत म्हणून सांगू लागले. मघाच्या गृहस्थांनी त्यांना हाताला धरून खाली बसवले.

"बैठिए भाईसाहब," ते हळूच म्हणाले, "गाना चल रहा है."