खुर्च्या कुठे आहेत

लाल प्लास्टिकची खुर्ची. हातावर सिगारेटने वितळलेला काळा डाग.

परीक्षेतला प्रश्न: भिंतीतून बाहेर आलेल्या गॅलरीत मुख्य सळाखी वरच्या अंगाला का असतात? आकृती काढून स्पष्ट करा.

व्हॉट्सअॅपवरच्या ग्रुपचं नाव: आपली साईट, आपला परिवार.

बार्शीटाकळीत चहाच्या टपरीवर पुंजाजी तायडे: "पोरगी अमरावतीले हाये. इंजिनेर लोकायच्या संग काम करून राह्यली."

पांढरं हेल्मेट एकच. ते पाहुण्यांसाठी.

"तायडे, तू तिथे शिकायला गेली आहेस. शिकवायला नाही."

या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध, असं कुणी विचारलं असतं तर नीलमने हातातला टेप त्याच्या तोंडावर फेकून मारला असता. त्या आठवड्यात तिला काही विचारायची सोय नव्हती. विचारायचं काम तिचं होतं, आणि तिने विचारलंही होतं.

"खुर्च्या कुठे आहेत?"

नीलम तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या सेंट्रिंगवर, स्लॅब ओतण्यासाठी ठोकलेल्या फळ्यांवर, उभी होती. अमरावतीच्या बायपासला लागून मुलींचं वसतिगृह बांधलं जात होतं, आणि अकोल्याच्या कॉलेजने तिला उन्हाळ्यापुरतं तिथे काम शिकायला पाठवलं होतं. आतापर्यंत ती दोन गोष्टी शिकली होती: चहा सांगणं आणि ग्रुपवर टाकायला फोटो काढणं. घरून निघताना तिने ठरवलं होतं, साईटवर शुद्ध मराठीत बोलायचं, म्हणजे लोक ऐकतील. आज पहिल्यांदा तिला स्वतःच्या डोळ्यांनी काहीतरी दिसलं होतं. गॅलरीच्या ज्या सळाखी वर हव्यात, त्या खाली फळ्यांवर लोळत होत्या.

"काय पायजे मॅडम?" लोखंडाचा ठेकेदार देवीदास म्हणाला.

"खुर्च्या. या गॅलरीत एकही दिसत नाही."

देवीदासने तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"अबे श्याम! मॅडमले खुर्ची पायजे बे! हाफिसातली आण. आन् छत्री बी आण, काळ्या पडतीन मॅडम!"

श्याम त्याचा फिटर. तो खरंच खाली गेला आणि लाल खुर्ची डोक्यावर घालून शिडीने वर घेऊन आला. सळाखींच्या जाळीवर मांडली, गमछ्याने पुसली. "बसा मॅडम." सगळी माणसं हातातलं काम टाकून हसली.

खुर्ची म्हणजे सळाखीचाच वाकवलेला तुकडा. चार पायांवर उभा राहतो, वरच्या सळाखींना खालून उचलून धरतो. बाहेर आलेल्या गॅलरीचं सगळं वजन त्या वरच्या सळाखींवर लटकतं. त्या पायदळी तुडवून खाली गेल्या की गॅलरी वरून गुळगुळीत दिसते, रंग छान बसतो, उद्घाटन होतं. आणि मग एक दिवस कुणीतरी कपडे वाळत घालायला येतं.

देवीदास हसला याचं नीलमला फार वाटलं नाही. योगेश हसला. साईट इंजिनिअर योगेश, तिच्याच कॉलेजचा, ज्याचा पहिल्या नंबराचा फोटो अजून विभागाच्या भिंतीवर आहे. हाच प्रश्न त्याने आकृती काढून सोडवला होता. तो सगळ्यांत आधी हसला.

त्या दिवसापासून तिचं नाव पडलं. खुर्ची मॅडम, चहा सांगा. खुर्ची मॅडम, फोटो काढा. खुर्ची मॅडम, जरा बाजूले व्हा, सळाख लागीन.

स्लॅबच्या आदल्या दिवशी दुपारी ती पत्र्याच्या ऑफिसात गेली. आत भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. योगेश बनियनवर बसला होता, तिला पाहून शर्टात हात घालू लागला.

"सर, मी कोणत्या खुर्च्यांबद्दल विचारलं ते तुम्हाला कळलं होतं."

"कळलं होतं."

"मग?"

"मग काय? उद्या स्लॅब आहे. मिक्सर सांगितलं, बाया सांगितल्या. खुर्च्या वाकवत बसलो तर स्लॅब पुढे जाईल, आणि सेठ माझ्या घरी येऊन शिव्या देईल. देवीदास काँक्रीटचा माल टाकताना सळाखी आकड्याने वर ओढतो."

"ओढतो?"

योगेशने पंख्याकडे पाहिलं. "आठवण केली तर ओढतो."

"सर, तिथे मुली उभ्या राहणार आहेत."

"तायडे, तू एवढी काहून तापून राहिली?" तो हसला. "तुमचं तर बरं असते. तुमाले खुर्ची सरकारच देते. उन्हात मराले आमी आहोच."

हे तो चिडून बोलला असता तर तिने त्याच्या अंगावर टेबल उलथवलं असतं. तो अगदी मायेने बोलला. घरातल्या माणसाची थट्टा करावी तसा. म्हणूनच ओठांपर्यंत आलेली शिवी तिने गिळली, आणि गिळली म्हणून तिला स्वतःचाच संताप आला. तिचे वडील पुंजाजी तायडे बार्शीटाकळीच्या पाणी योजनेचा पंप चालू-बंद करतात, रोजंदारीवर. सरकारने त्यांना अजून बसायला स्टूलसुद्धा दिलेलं नाही. हे सांगायचं होतं. सांगितलं नाही. याला कशाला सांगायचं?

बाहेर येऊन तिने कॉलेजातल्या गाईड सरांना फोन लावला. ते शिकायला-शिकवायला वालं वाक्य तेव्हाचंच. त्याच्या पुढचंही वाक्य होतं: "पुढच्या वर्षी आपल्या पोरी त्यांच्याकडेच पाठवायच्या आहेत. दार बंद करून येऊ नकोस."

दार. खुर्ची. सगळ्यांना घरातल्या सामानाची भारी काळजी.

सकाळी मिक्सर घरघरायला लागलं, तेव्हा नीलम आधीच वर होती. शिडीचा रस्ता जिथे स्लॅबला मिळतो, बरोबर तिथे तिने ती लाल खुर्ची मांडली आणि बसली. हाताची घडी. पायात चपला, कारण बूट मिळतील असं सांगूनही मिळाले नव्हते.

मालाचं पहिलं घमेलं मनकर्णाच्या डोक्यावर होतं. परतवाड्याच्या पलीकडची ही बाई, साठीकडे झुकलेली, बायांची रांग तीच चालवायची. ती शिडीच्या वरच्या पायरीवर थबकली. तिच्यामागे सगळी रांग थबकली.

"सरका वो मॅडम."

"नाही सरकणार. खुर्च्या लावल्याशिवाय माल पडणार नाही."

खालून देवीदास ओरडला, "काय झालं बे?"

"खुर्ची मॅडम खुर्चीवर बसल्या!" श्याम वरून ओरडला. पुन्हा हशा. मिक्सर फिरत होतं. ऊन चढत होतं. मनकर्णाची मान ताठ, घमेल्याच्या कडेने सिमेंटचं पाणी तिच्या कानामागून गळ्यात उतरत होतं.

"पोरी," ती हळूच म्हणाली, "माल वाळला तं फेकून देतीन. काम बंद झालं तं आमाले घरी धाडतीन. त्या इंजिनेराले काई होत नाई, अन् तुले बी काई होत नाई. तू बसली हायेस. आमी उभ्या हावो."

नीलम ताडकन उठली. थोबाडीत बसावी तशी. रागाने तिचे कान तापले, आणि या वेळी तो राग कुणावर काढावा ते तिला कळेना, कारण बाईचं खरं होतं. तिने खुर्ची उचलली आणि फळ्यांच्या कडेवरून खाली वाळूच्या ढिगावर भिरकावली. मग ती बोलली, आणि शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली.

"देवीदासभाऊ! वर या! माल बंद नोका करू. त्या टोकाकून टाका, पाण्याच्या टाकीकून. गॅलरी सगळ्यात शेवटी. तवरोक मले तुकडे कापून द्या, खुर्च्या मी बांधतो. आन् नाई दिले ना, तं मी या सळाखीवर आडवी पडतो. टाका मंग माल माह्या अंगावर!"

देवीदास वर आला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, जणू ही मुलगी आज पहिल्यांदा साईटवर आली होती.

"कोन्या गावची वो तू?"

"बार्शीटाकळी. काहून?"

"काई नाई. तोंड अकोल्याचंच हाये." तो मागे वळला. "श्याम, भंगारातले तुकडे आण. वाकव."

"भाऊ, ते तं इकाचे हायेत ना?"

"आण म्हनलं ना बे!"

मनकर्णाने घमेलं सावरलं. नीलम तिच्या बाजूने चालू लागली आणि चालता चालताच तिला सांगू लागली, आकृतीशिवाय. "या सळाखी खाली दबल्या तं गॅलरी पोरींसकट खाली येईन मावशी." मनकर्णाने मान हलवता येत नव्हती म्हणून नुसतं हं केलं. पण पुढच्या खेपेला ती रांगेवर खेकसली, "बायहो, त्या जाळीवर पाय नोका देऊ! फळीवरून या. पोरींचे जीव हायेत त्याच्यावर."

टाकीकडून माल सरकत आला. नीलम गॅलरीत गुडघ्यांवर बसून श्यामने वाकवलेल्या खुर्च्या एकेक करून सळाखींखाली सरकवत होती, तारेने बांधत होती. तार बोटांत घुसत होती. सळाखी तापून लाल व्हायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. श्याम आधी थट्टा करत होता, मग स्वतःच दुसऱ्या टोकाने बांधायला बसला. दिवस कलताना गॅलरीत माल पडला, आणि सळाखी वर होत्या. जिथे हव्यात तिथे. देवीदासने खिळ्याने माल उकरून बघितलं आणि तो खिळा खिशात टाकला.

योगेश वर आला तो मोबाईल घेऊनच. खुर्च्या मालाखाली जाण्याआधी, दुपारी एकदा वर येऊन, त्याने त्यांचा फोटो काढून ठेवला होता. ग्रुपवर तो आता झळकत होता: गुणवत्तेशी तडजोड नाही. खाली सेठचा अंगठा. त्याखाली गाईड सरांचाही अंगठा. ते या ग्रुपवर आहेत हे नीलमला तेव्हा कळलं.

"तुझ्या सर्टिफिकेटवर उत्कृष्ट लिहितो," योगेश म्हणाला.

"ल्हा," नीलम म्हणाली. "आन् खाली ल्हा, की तुमी हसले होते."

त्याचं तोंड उतरलं. तिला वाटलं होतं, असं बोलून बरं वाटेल. वाटलं नाही.

ती खाली आली. ड्रमच्या पाण्यात हात बुडवले तशी सिमेंटने खाल्लेली कातडी पेटली. दात आवळून तिने हात धुतले, ओढणीला पुसले आणि फाटकाकडे निघाली. मागून कुणीतरी हाक मारली.

"ओ पोरी! जेवून घेजो वो आज पोटभर!"

मनकर्णा होती. बायांना न्यायला येणारी मॅटाडोर अजून आली नव्हती. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत वारा बरा लागत होता, म्हणून सगळ्या बाया तिथे ओळीने बसल्या होत्या, पाय बाहेर सोडून. कुणी डब्यातली उरलेली भाकर खात होतं, कुणी डोक्याची चुंबळ झटकत होतं.

नीलमने हात हलवायला वर केला, आणि हात तसाच राहिला.

"आत व्हा!" ती किंचाळली. "मावशी, उठा तिथून! सगळ्या आत व्हा!"

बाया एकमेकींकडे पाहून हसल्या.

"आता काय झालं वो? बसू बी देत नाई का आमाले?"

पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलऱ्यांत माल मार्चमध्येच पडला होता. नीलम साईटवर मेमध्ये आली.